चिकटलेला क्लच आणि मिस्तरींचा कान

स्पेअर पार्टच्या दुकानात जो माल खपतो तो खपतो. जो खपत नाही तो मागच्या खोलीत जाऊन पडतो आणि दर दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा हाताला लागतो. किश्शांचंही तसंच आहे. ज्यात आपण मोठे दिसतो ते किस्से लग्नकार्यात सांगून संपतात. ज्यात मान खाली जाते ते मात्र साठत राहतात. आळेफाट्याला आमच्या दुकानासमोर एक बाकडं आहे. त्यावर इतक्या वर्षांत जमलेला सगळा माल हा असा, दुसऱ्या प्रकारचा!

मी दुकानदार. आमच्या आजोबांच्याही आधी कोणीतरी मारवाडातून इकडे आलं, आणि आता आमच्या घरात मारवाडी फक्त रागावताना बोलली जाते. लोक मला 'शेट' म्हणतात. बाकड्याचे मानकरी दोन. एक राजुरीचे विठ्ठल मिस्तरी, ट्रॅक्टरचे मेकॅनिक, तोंडानं फटकळ. दुसरे निमगाव साव्याचे नामदेवआबा. आबांचा जुना ट्रॅक्टर म्हणजे मिस्तरींचं कायमचं गिऱ्हाईक.

त्या ट्रॅक्टरचं दुखणंही कायमचंच, पीटीओचा क्लच. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रॅक्टरच्या मागे एक शाफ्ट फिरतो, त्यावर मळणीयंत्र, रोटाव्हेटर, द्राक्षबागेचा ब्लोअर असं काय काय चालतं. तो पीटीओ. क्लचचं पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पूर्ण दाबलं की मागचा शाफ्ट थांबतो. पण ट्रॅक्टर पावसाळाभर उभा राहिला की आतली प्लेट गंजून चिकटते. मग पेडलवर उभे राहा, नाचा, शाफ्ट आपला फिरतोच आहे!

तो सोडवण्यात मिस्तरींचा हात धरणारा जुन्नर-आंबेगावात कोणी नव्हता. ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्लचच्या हाऊसिंगवर, म्हणजे बाहेरच्या लोखंडी कवचावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. प्लेट सुटताना आत बारीकसं 'खट्' होतं म्हणे. इंजिनाच्या धडधडीत ते फक्त मिस्तरींना ऐकू यायचं. लोक पार्ट माझ्याकडून घ्यायचे, पण कान मिस्तरींचा!

*

हा कान ऐन भरात होता तेव्हाची गोष्ट. माझ्या चुलतभावाचं लग्न. वरात फाट्यावरून निघाली. भाऊ घोड्यावर, काका पुढे, बँड जोरात, आणि गुलाबी फेटा बांधून मी नाचणाऱ्यांत.

दुकानासमोर वरात आली आणि रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरखालून एक काळाकुट्ट हात बाहेर आला. पाठोपाठ मिस्तरी. सरळ बँडवाल्यापुढे उभे!

"बंद कर ते! मला ऐकू येईना!"

मिस्तरींचा आवाजच असा, की बँड खरोखर बंद पडला. घोडा थांबला. काकांनी माझ्याकडे बघितलं, कारण हा माणूस माझ्या दुकानासमोरचा. मी म्हटलं, "मिस्तरी, वरात आहे हो. नवरदेव खोळंबलाय."

"शेट, नवरदेव कुठं पळून जात न्हाई. बेरिंगचा आवाज पळून जातो!"

आणि स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून परत ट्रॅक्टरखाली. सगळी वरात भर रस्त्यात गप उभी. पाहुणेमंडळींत कोणी मेलं की काय, असं येणारेजाणारे विचारत होते. शेवटी खालून आवाज आला, "हां, वाजवा आता!" काका माझ्याशी पुढचा अख्खा लग्नसोहळा बोलले नाहीत.

*

क्लच चिकटू नये म्हणून आमच्याकडे एक उपाय करतात. पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा करताना पेडल पूर्ण दाबायचं आणि ते वर येऊ नये म्हणून पेडल आणि सीटच्या मध्ये लाकडाचं दांडकं अडकवून ठेवायचं. प्लेट सुटी राहते, चिकटत नाही. मिस्तरींनी आबांना बाभळीचं दांडकं मापात तासून दिलं होतं. आबा ते देवाच्या वस्तूसारखं जपायचे.

एका श्रावणात आबांकडे पुण्याचे जावई आले. चार दिवस झाले तरी गेले नाहीत. पाचव्या दिवशी आबा दुकानात, तोंड उतरलेलं. "शेट, क्लच चिकटला."

मिस्तरी आणि मी गेलो. मिस्तरींनी पेडलकडे बघितलं. दांडकं गायब!

"आबा, लाकूड कुनी काढलं?"

आबांनी ओट्याकडे बघितलं. ओट्यावर जावई पेरू खात बसलेले.

"ज्यानं कुनी काढलं ना, त्याला ट्रॅक्टरच काय, बैलसुद्धा हाती देऊ नका! आरं, वस्तू हाये तिथं का हाये, येवढं तरी इचारावं माणसानं!"

"माझंच चुकलं मिस्तरी," आबा पुटपुटले.

जावयांनी पेरूचा घास गिळला आणि गंभीरपणे मान हलवली. "बरोबर बोलताय मिस्तरी. अशा बेजबाबदार लोकांमुळंच आपली शेती मागं राहिली!"

मी लाजेनं वर बघितलं. पेरूच्या झाडात, दोन फांद्यांच्या बेचक्यात, पेरू पाडायला फेकलेलं बाभळीचं दांडकं अडकून बसलं होतं. मिस्तरींनीही वर बघितलं. मग आबांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना तोंड मिटताना पाहिलं.

*

आता माझी पाळी. सुटका नाही!

मिस्तरी भाच्याच्या लग्नाला गेले होते आणि आबांच्या ट्रॅक्टरनं नेमका तोच मुहूर्त धरला. क्लच चिकटला. आबा म्हणाले, "शेट, तुमी तर रोज हेच इकता. जरा बघता का?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण बाकड्यावर बसून बसून मलाही सगळं येतं असा माझा समज झालेला. निमगावात पोचलो. आबांच्या अंगणात गल्लीतली दहा-वीस माणसं जमली. मी बाह्या सरसावल्या आणि मिस्तरींच्याच आवाजात व्याख्यान सुरू केलं. इंजिन गरम करायचं, पेडल दाबून धरायचं, शाफ्टला झटका द्यायचा, मग प्लेट आपोआप सुटते!

"व्हय, व्हय," लोक माना डोलवत होते.

सीटवर चढलो. ट्रॅक्टर चालू केला. सीटजवळ दोन लिव्हर होते. मिस्तरी त्यातला एक ओढतात एवढं पाहिलेलं होतं. मी ओढला.

तो हायड्रॉलिकचा होता. मागे जोडलेला फाळांचा नांगर सावकाश वर उठला. त्यावर आबांच्या घरातलं धुणं वाळत टाकलेलं होतं! कारभारीण आजींचं हिरवं नऊवारी लुगडं, आबांचं धोतर आणि जे चारचौघांत वाळत घालू नये तेही सगळं, ध्वजवंदन असल्यासारखं गल्लीसमोर वर गेलं.

खाली कसं आणायचं ते मला माहीत नव्हतं. आजी पदर तोंडाला लावून घरात पळाल्या. आबा खाली बघत बारीक आवाजात म्हणाले, "शेट, तुमी आपलं बिल फाडा. त्ये तुमाला चांगलं जमतं."

*

मग कधीतरी, कोणाच्या लक्षात न येता, तो कान गेला. आयुष्यभर इंजिनाला चिकटून काढलेला माणूस, जाणारच. पण आम्हाला कळलं ते असं.

मिस्तरी रस्त्याच्या मधोमध उभे राहून पिशवीत पाना शोधत होते. मागून एसटी आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मिस्तरी तिथंच. पुन्हा हॉर्न. दुकानाच्या काचा थरथरल्या, पण मिस्तरींचा पाना काही सापडेना. शेवटी ड्रायव्हर गाडी बंद करून खाली उतरला आणि समोर येऊन हातवारे करत ओरडायला लागला.

मिस्तरींनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आरं, तापतो कशाला? हॉर्न द्यायला काय झालं व्हतं तुला?"

बाकडं खो खो हसलं. एसटीतले लोक खिडकीतून हसले. ड्रायव्हरसुद्धा डोक्याला हात लावून हसला. मिस्तरींना वाटलं, ड्रायव्हरची जिरली म्हणून सगळे हसतायत. तेही आमच्याबरोबर हसले, अगदी मनापासून. त्यांना तसं हसताना बघितलं आणि माझ्या तोंडातलं हसू कडू झालं. मिस्तरींचा हात नव्हे, कान विकला जात होता. हे बाहेर कळलं तर दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे कोण येणार?

म्हणून बाहेर कळू द्यायचं नाही, असं बाकड्यानं ठरवून टाकलं.

*

ठरवणं सोपं. आम्ही सगळे मिस्तरींशी मोठ्यानं बोलायला लागलो. इतकी सवय झाली की घरी बायकोशीही तसंच बोलायचो आणि ती विचारायची, "भांडताय का?"

त्यातच गावातल्या एका म्हाताऱ्याचा दशक्रिया विधी होता. कुकडीच्या घाटावर सगळं गाव जमलेलं. प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली. मग माइकवरून सूचना आली की आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं.

सगळे उभे. नदीवरचा वारा तेवढा ऐकू येत होता. आणि आबांना वाटलं, मिस्तरी शेजारी आहेत, शांतता आहे, तर कामाचं बोलून घ्यावं.

"मिस्तरी! उद्या क्लच बघाय येता का?"

अख्ख्या घाटानं वळून बघितलं. मयताचा मोठा मुलगा डोळे पुसता पुसता थांबला. आबांचा चेहरा काळा ठिक्कर पडला. एवढ्यावर भागलं असतं. पण मिस्तरी रागावले आणि त्यांना स्वतःचा आवाज कुठे कळत होता!

"आबा, वरडता काय बहिऱ्याशी बोलल्यावानी? चांगलं ऐकू येतंय मला!"

पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनीसुद्धा हात थांबवले. जेवणाच्या पंगतीत आम्हा तिघांच्या शेजारी कोणी बसेना. आम्ही खाली मान घालून जेवलो आणि मिस्तरी मात्र दोनदा म्हणाले, "आबांना काई रीतभात न्हाई राव!"

*

त्यानंतर मीच शहाणपणा केला. मंचरला कानाचे एक डॉक्टर होते. मिस्तरी सरळ सांगून येणार नाहीत, म्हणून थाप मारली की डॉक्टरांच्या शेतावरचा ट्रॅक्टर बंद पडलाय. आबा सामील. डॉक्टरांनाही फोन करून सगळं समजावलेलं.

मिस्तरी पान्यांची पिशवी घेऊन दवाखान्यात शिरले. डॉक्टर म्हणाले, "या, बसा जरा." आणि पेशंटच्या खुर्चीकडे बोट केलं. मिस्तरी बसले. डॉक्टर खुर्ची वर घ्यायला खालचं पेडल दाबायला लागले. पेडल दबेना.

मिस्तरींचा चेहरा उजळला. "उठू द्या मला. पायडल जाम हाये तुमचं!"

खुर्ची उलटी झाली, नटबोल्ट काढले, पुसले, तेल दिलं, पुन्हा बसवले. डॉक्टरांनी पेडल दाबलं, तर खुर्ची लोण्यासारखी वर! डॉक्टर खूश. मिस्तरींनी पिशवी उचलली. "आता चला, ट्रॅक्टर कुठं हाये?"

तेवढ्यात बाहेर केसपेपर काढणाऱ्या बाईंनी दार उघडून एक जाडजूड कार्ड मिस्तरींसमोर धरलं. त्यावर कानाचं मोठं रंगीत चित्र होतं आणि खाली मिस्तरींचं नाव.

मिस्तरींनी ते वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. आबाही कॅलेंडरकडेच बघत होते. इतकं लक्ष देऊन आम्ही दोघांनी आयुष्यात कधी कॅलेंडर बघितलं नसेल.

परतीच्या जीपमध्ये मिस्तरी पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बघत बसले. फाट्यावर उतरले, दोन पावलं गेले आणि मागे वळले. "शेट, डॉक्टरला सांगा, खुर्चीला अधनंमधनं तेल द्यावं."

कानाचा विषय त्यानंतर आमच्यात कधी निघाला नाही.

*

पुढे एक रीत आपोआप पडली. मिस्तरी हाऊसिंगपाशी बसले की मागचा शाफ्ट त्यांना दिसत नाही, मोठं चाक आड येतं. त्यामुळे शाफ्टवर नजर ठेवायला कोणीतरी लांब मागे उभं राहतं. एकदा आबा असे उभे होते. क्लच सुटला, शाफ्ट थांबला, आणि आबांनी डोक्यावरची टोपी काढून ओझरच्या विघ्नहराला हात जोडले. त्याच क्षणाला पुढून मिस्तरी ओरडले, "सुटला!"

तेव्हापासून मागे जो कोणी असेल तो शाफ्ट थांबला की टोपी काढायचा. मिस्तरी "सुटला!" म्हणायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "काय कान हाये राव!" डोळे मिटून बसलेल्या माणसाला टोपी कशी दिसते, हे आमच्यापैकी कोणी कोणाला विचारलं नाही. मिस्तरींना तर नाहीच नाही.

मग तो गव्हाच्या मळणीचा दिवस उजाडला. आबांचा ट्रॅक्टर पावसाळ्यापासून शेडमध्ये उभा होता, कारण मुलगा संतोष आता पोल्ट्री बघायचा आणि जुन्या ट्रॅक्टरवर त्याचा जीव नव्हता. गहू कापून पडलेला, मजूर आलेले, मळणीयंत्र बाजूला तयार, आणि क्लच चिकटलेला. संतोषनं मोबाईल काढला.

"आबा, मंचरचा नवा मिस्तरी तासात सोडवून देतो. फोन लावू का?"

"आधी विठ्ठल," आबा म्हणाले.

"मंग आजचा दिवस. आज न्हाई सुटला तर इथून पुढं मंचरवाला."

आबांचा ट्रॅक्टर मंचरवाल्याकडे गेला, की दोन तालुक्यांत बातमी जाणार. विठ्ठल मिस्तरींची पिशवी खुंटीला लागणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्तरींनाही. संतोषच्या हातातला मोबाईल त्यांनी येताच बघितला होता.

सकाळपासून काम चाललं. इंजिन तापवलं, पेडल दाबून दांडकं अडकवलं, झटके दिले. मळणीयंत्र अजून जोडलेलं नव्हतं, नुसता शाफ्ट गरगरत होता. मिस्तरी हाऊसिंगपाशी, स्क्रू ड्रायव्हर कानाला. आबा पार मागे उन्हात, शाफ्टवर डोळे लावून. मी आबांच्या बाजूला. मजूर लिंबाखाली बसून बघत होते. ऊन चढलं. सावलीत या म्हटलं तर आबा हलेनात, कारण सावलीतून ते पुढच्या बाजूला दिसले नसते.

आबांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरायला लागला. त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला. पुन्हा उतरला. मग काहीही मनात न आणता आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि टक्कल पुसलं.

"सुटला!"

मिस्तरींचा असा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू, आणि बोट संतोषकडे. "ऐक लेका! ह्याला कान लागतो, कान! मोबाईल लावून क्लच सुटत न्हाई!"

शाफ्ट फिरत होता. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, उन्हात चकाकत, पहिल्यासारखाच फिरत होता.

कोणी हसलं नाही. एक मजूर उठून उभा राहिला आणि परत बसला. संतोषनं तोंड उघडलं, आबांकडे बघितलं आणि मिटलं. टोपी हातात धरून आबा म्हणाले, "सुटला, सुटला." मग लिंबाखालून एकजण म्हणाला, "सुटला." आणि त्या फिरणाऱ्या शाफ्टकडे बघत मीही मोठ्यानं म्हणालो, "वा मिस्तरी!" जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं मला तेव्हा झालं.

मिस्तरी उठले. फडक्याला हात पुसत, चाकाला वळसा घालून मागे आले. शाफ्ट बघितला. मग आमचे चेहरे एकेक करून बघितले. सगळ्यांत शेवटी आबांचा हात.

ते आबांजवळ गेले, त्यांच्या हातातली टोपी घेतली, मांडीवर आपटून झटकली आणि नीट आबांच्या डोक्यावर ठेवली.

"टोपी घाला आबा," मिस्तरी म्हणाले. "ऊन लई हाये."